उन्हाचा खोकला

ऊन लागून माणसाला चक्कर येते, घोळणा फुटतो, हे घरोघरी ठाऊक आहे. पण ‘मी उन्हालाच खोकताना ऐकलं’ असं कुणी सांगू लागला, तर मंडळी त्याच्या नाकाशी कांदा धरतील. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं फेब्रुवारी १८८० मध्ये वडिलांना पत्र लिहून नेमकं हेच कळवलं होतं. सूर्याचा किरण हसताना, खोकताना आणि गाताना आपण ऐकला, असं त्यानं लिहिलं. वडिलांनी उलट टपाली कांदा पाठवला नाही, कारण ध्वनी डोळ्यांना दाखवणं हा त्या घराण्याचा पिढीजात धंदाच होता. मुक्या-बहिऱ्यांना उच्चार दिसावेत म्हणून या वडिलांनी एक लिपीच तयार केली होती.

बेलला टेलिफोनचं पेटंट १८७६ मध्येच मिळालं होतं. आमच्या बँकेत माणूस एक खात्याची परीक्षा पास झाला की तेवढ्या भांडवलावर रिटायर होईपर्यंत जगतो. बेलला मात्र टेलिफोनची तार खुपायला लागली. बोलणं माणसाचं, ऐकणं माणसाचं, मग मध्ये ही तांब्याची दलाली कशाला? वॉशिंग्टनच्या एल स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळेत तो आणि त्याचा सहकारी चार्ल्स समनर टेंटर कामाला लागले. यंत्राचं नाव फोटोफोन.

नाव भारदस्त, पण यंत्र तसं साधंच. एका नळीत बोलायचं. नळीच्या टोकाला पातळ आरसा. आवाजानं तो थरथरतो, कधी फुगतो, कधी खोलगट होतो. त्याच्यावर पडलेलं ऊन परावर्तित होताना तसतसं पसरतं किंवा एकवटतं. पलीकडे मोठा वाटीसारखा आरसा ते गोळा करून सेलेनियमच्या तुकड्यावर टाकतो. सेलेनियम हा मोठा लहरी पदार्थ. उजेड पडला की वीज सहज जाऊ देतो, अंधारात अडवून धरतो, हे १८७३ मध्ये विलोबी स्मिथनं सांगितलं होतं. आमच्या काउंटरवर काही मंडळी अशीच आहेत. साहेबांची नजर पडली की कामं झराझरा होतात, नजर वळली की अडतात. तर सेलेनियममधून कमीजास्त होणारी वीज टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये गेली की पुन्हा आवाज! आणि गंमत बघा, सेलेनियमला नाव मिळालंय ग्रीकांच्या चंद्रदेवतेवरून. म्हणजे सूर्यानं बोलायचं आणि चंद्रानं ऐकायचं.

त्याच फेब्रुवारीत बेलला दुसरी मुलगी झाली. बापाच्या मनातून तिचं नाव ‘फोटोफोन’ ठेवायचं होतं! बायकोनं, मेबलनं, ते हाणून पाडलं आणि मुलगी मॅरियन झाली. या मेबलची एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. पाच वर्षांची असताना तापात तिची श्रवणशक्ती गेली होती. ओठांच्या हालचालींवरून ती बोलणं ओळखायची. किरणाचं हसू पकडणाऱ्या माणसाच्या घरात, ते जिला आधी ऐकवावं तिलाच ते ऐकू येणार नव्हतं.

त्याच वर्षी टेंटर फ्रँकलिन शाळेच्या गच्चीवर चढला. बेल २१३ मीटरवर, प्रयोगशाळेत. ऐकू येत असेल तर खिडकीत येऊन हॅट हलवा, असा निरोप टेंटरनं उन्हाबरोबर धाडला. बेलनं हॅट हलवली. यंत्र एकतर्फी, तेव्हा पोचपावती हॅटनंच द्यायची!

ऑगस्टमध्ये बोस्टनला शास्त्रज्ञांपुढे बेलचं भाषण झालं आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कुणा विनोदवीराला स्फुरण चढलं. बेलसाहेब आता खांबाखांबांवर किरणांच्या तारा टांगणार काय? टांगणार असतील तर त्या किरणांची जाडी किती ठेवणार? लोक पोट धरधरून हसले असणार. थट्टेला जागाही होती. ढग आला की लाइन बंद. मुंबईत हे यंत्र बसवलं असतं तर जून ते सप्टेंबर बोलायची सोय नाही.

पण तत्त्व मात्र अस्सल. आमच्या भाच्यानं मागच्या दिवाळीत ते घरी करून दाखवलं. एका छोट्या एलईडीला बॅटरीची वीज दिली आणि तिच्यात रेडिओतल्या गाण्याची वीज मिसळली. दिवा नुसता लागलेला दिसत होता, पण गाण्याबरहुकूम त्याचा उजेड कमीजास्त होत होता. पलीकडे बागेतल्या मोडक्या दिव्याची सौरपट्टी स्पीकरला जोडली, आणि मध्ये एक तार नसताना गाणं वाजायला लागलं. आमची सौ. चकलीचं ताट घेऊन मधून गेली आणि कडव्याची मान उडाली.

“मामी, तू गाणं कापलंस!”

“मी? मी तर रेडिओला हातसुद्धा लावला नाही!”

मग त्यानं ती पट्टी देवघरातल्या जुन्या बल्बकडे वळवली. स्पीकर गुरगुरायला लागला. घरची वीज सेकंदाला ५० फेरे घेते, त्यामुळे बल्ब सेकंदाला १०० वेळा लहानमोठा होत असतो. इतकी वर्षं देवांसमोर बल्ब गुणगुणत होता, आणि ते ऐकलं फक्त देवांनी.

बेल १९२२ मध्ये गेला. टेलिफोनपेक्षा फोटोफोन मोठा, असं तो अखेरपर्यंत मानत होता. लोकांनी टेलिफोन उचलला आणि फोटोफोन सोडून दिला. प्रकाशाला ढगाधुक्यातून सांभाळून न्यायला नळी हवी होती. १९६० मध्ये लेसर आला. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिलं की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्या तंतूतून प्रकाश दूरवर नेता येईल. १९७० मध्ये अमेरिकेत तशी काच तयार झाली आणि १९७९ मध्ये आपल्या पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजांच्या दरम्यान असा तंतू टाकलासुद्धा! आज बँकेत ‘लिंक गेली’ म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला परत पाठवतो, तेव्हा बऱ्याचदा कुठंतरी रस्ता खणणाऱ्यानं कुदळीनं उजेड तोडलेला असतो.

म्हणजे बेलनं आवाज तारेतून सोडवला, पण त्याचं नाणं चाललं ते उजेडालाच तारेत घातल्यावर. आता तर गल्लोगल्ली खांबाखांबांवर या तारा लोंबताहेत. १८८० चा तो विनोदवीर थट्टेनं जे बोलला, तेच शेवटी खरं झालं. किरणाची जाडी त्यानं विचारली होती ना? तंतू साधारण केसाएवढा, आणि त्यातली उजेडाची वाट त्याहूनही बारीक. विनोदी लिहिणाऱ्यांनी म्हणून जपून लिहावं. शास्त्रज्ञ मंडळी कधी मनावर घेतील, सांगता येत नाही.