एककाचा अर्धा गुण

‘तू नेमकं काय काम करतेस ते एकदा स्मरणिकेत लिहून टाक,’ असं वर्गातल्या मैत्रिणींनी फर्मावलं. त्या कामाचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात रावेरच्या आपल्या शाळेतूनच करावी लागते. उत्तर बरोबर असलं तरी एकक लिहिलं नाही, की विज्ञानाचे सर अर्धा गुण कापायचे. ‘पाच म्हणजे पाच काय? केळी?’ असं विचारायचे आणि अख्खा वर्ग हसायचा.

मी इंजिनिअरिंगला असताना, २३ सप्टेंबर १९९९ रोजी, नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी पोहोचताच नाहीसं झालं. चौकशीत निघालं ते एककच! जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर यानाला मिळालेल्या रेट्याचे आकडे पौंडाच्या हिशेबात देत होतं आणि पुढचं सॉफ्टवेअर ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून चालत होतं. चूक दोघांच्या सांध्यात होती.

वस्तू जितकी गुंतागुंतीची, तितके तिचे सांधे जास्त. ते सगळे कागदपत्रांत लिहिले, तर हजारो पानं होतात आणि प्रत्येक टीमकडे वेगळीच प्रत राहते.

बांधण्याआधी नमुना करून बघणं आपल्याकडे नवीन नाही. खडकवासल्याची जलसंशोधन संस्था १९१६ साली मुंबई इलाख्यात सुरू झाली. तिथे धरणांच्या, बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडतात, मोजतात आणि रचना सुधारतात. प्रतिकृतीतली चूक स्वस्तात निघते.

तोच विचार पुढे संगणकात आला. अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे वेन वायमोर यांनी १९९३ साली ‘मॉडेल-बेस्ड सिस्टिम्स इंजिनिअरिंग’ याच नावाच्या पुस्तकात त्याचा गणिती पाया मांडला. २००७ मध्ये ‘सिसएमएल’ या आकृत्यांच्या भाषेची पहिली आवृत्ती आली. वस्तूकडून काय हवं, तिचे भाग कोणते, ते कुठे जोडले जातात आणि चाचणी कशी घ्यायची, हे सगळं एकाच मॉडेलमध्ये एकमेकांना बांधलेलं असतं. एक अपेक्षा बदलली, की कुठल्या भागांना धक्का लागेल ते लगेच दिसतं.

याची किंमत मला स्वानुभवाने कळली. पुण्यात गाडीच्या सॉफ्टवेअरवर काम करताना आमची टीम वेग ताशी किलोमीटरमध्ये पाठवत होती. समोरच्या टीमने तो सेकंदाला मीटर असा वाचला. तक्त्यात एककाचा रकाना होता, तो मीच रिकामा सोडला होता. घोळ टेस्ट बेंचवरच सापडला, रस्त्यावर नाही, हे नशीब. पण खापर एका नव्या मुलावर फुटत होतं आणि मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये ‘चूक माझी’ म्हणाले. ते दोन दिवस अजून टोचतात.

आता आमच्या मॉडेलमध्ये एककाशिवाय जोडलेला सांधा तपासणीतच अडकतो. अर्थात, चुकीचं एकक भरलं तर मॉडेल ती चूक इमानेइतबारे सगळीकडे पोहोचवतं. त्यामुळे समोरच्या टीमला फोन करून ‘पाच म्हणजे पाच काय?’ असं विचारणं मी सोडलेलं नाही.

संमेलनाला सर येणार आहेत असं कळलं. तो अर्धा गुण कापलात ते बरं केलंत, एवढं मला त्यांना सांगायचं आहे.