पारिया : एका वाद्याच्या नावाची परवड

इंग्रज अमदानीतील लेखनात बेवारशी कुत्र्यांसाठी ‘पारिया डॉग’ हा शब्द पदोपदी भेटतो. गोऱ्यांच्या बोलीत त्याचेच पुढे ‘पाय-डॉग’ झाले. १८३२ च्या जूनमध्ये अशी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मुंबईचे पारशी रस्त्यावर उतरले, ते प्रकरण प्रसिद्धच आहे.

मराठी कानाला या शब्दात ‘पराया’ ऐकू येतो. पण त्याच्याशी याचे काही नाते नाही. मूळ आहे तमिळ ‘परै’. परै म्हणजे चामड्याने मढवलेले, काठ्यांनी वाजवायचे वाद्य. दवंडी, देवीचा उत्सव, अंत्ययात्रा यांत ते वाजे आणि ते वाजविणारे ते परैयर. तिरुनेलवेलीचे भाषापंडित रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ च्या आपल्या ग्रंथात हीच व्युत्पत्ती मांडली. वस्तुतः या जातीतील बहुसंख्य लोक भातशेतीत राबणारे मजूर. वाद्य थोड्यांच्याच हाती होते. नाव मात्र सर्वांना चिकटले.

पोर्तुगीज दुआर्ते बार्बोझाने सुमारे १५१६ मध्येच या लोकांचा उल्लेख केला आहे. पुढे इंग्रजांनी हे जातिनाम कोणत्याही बहिष्कृतासाठी वापरले, आणि मग जे जे हलके, त्याला ते लावले : घारीला, गावठी दारूला आणि कुत्र्याला. कुत्र्याला त्याचे काय सुखदुःख? शिवी बसली ती माणसांना. गंमत अशी की, फ्रान्समध्ये त्याच सुमारास हा शब्द करुणेचा विषय झाला होता. बेर्नार्दां द सें-पियेरची कथा १७९१ ची, दलाविन्यचे नाटक १८२१ चे. दोहोंत पारियाविषयी कळवळा आहे.

ज्यांचे हे नाव, त्यांनी काय केले? रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ साली आपल्या पत्राचे नावच ‘परैयन’ ठेवले! इतरांना ते नाव पुसायचे होते. १९२२ मध्ये मद्रास सरकारने ‘आदि द्रविड’ हे नाव स्वीकारले. तमिळनाडूतील आपले कित्येक कॅथलिक बांधव याच समाजातले. ख्रिस्ती झाल्यावरही काही ठिकाणी त्यांना चर्चमध्ये वेगळी जागा आणि दफनभूमीत वेगळी बाजू मिळाली, हे विसरता येत नाही.

कुत्र्याला अलीकडे प्राणिप्रेमी ‘इंडॉग’ म्हणू लागले आहेत. परैचे म्हणाल, तर अंत्ययात्रेत ती वाजविण्यास कित्येक तरुणांनी नकार दिला. आणि आता तीच परै तरुण मुले-मुली व्यासपीठावर अभिमानाने वाजवितात.