चार नावांची गायिका

अमेरिकेतल्या जॅझ संगीताचा विषय निघाला, की आपल्याकडे लुई आर्मस्ट्राँगचे नाव चटकन ओठांवर येते. बाकीची नावे जाणकारांपुरती राहतात. आज मी अशाच एका गायिकेविषयी बोलणार आहे. तिचे नाव अ‍ॅबी लिंकन. मी काही संगीतातला जाणकार नव्हे, कविता लिहिणारा माणूस आहे. अ‍ॅबीकडे मी ओढला गेलो तो तिच्या शब्दांमुळे. उमेदीच्या वर्षांत तिने दुसऱ्यांचे शब्द गायिले आणि उत्तरार्धात ती स्वतःची गाणी रचू लागली. या दोहोंमधली वाट मात्र फार महागात पडणारी होती.

६ ऑगस्ट १९३० रोजी शिकागो शहरात तिचा जन्म झाला. बारा भावंडांतली ती दहावी. आईवडिलांनी ठेवलेले नाव अ‍ॅना मेरी वुल्ड्रिज. बालपण मिशिगन राज्यातल्या ग्रामीण भागात गेले. घरात पियानो होता. कोणी शिकवायला नव्हते; ऐकून ऐकूनच तिची बोटे त्यावर बसली. किशोरवयात तिने फोनोग्राफवर बिली हॉलिडेचा आवाज ऐकला आणि तो कायमचा मनात राहिला.

१९५० नंतरच्या काही वर्षांत ती गाण्याच्या शोधात पश्चिमेकडे निघाली. होनोलुलूच्या नाइट क्लबमध्ये दोन वर्षे गायली. त्या काळात ती ‘गॅबी ली’ झाली. पुढे लॉस एंजलिसला बॉब रसेल हा गीतकार तिचा व्यवस्थापक झाला आणि त्याने आणखी एक नाव सुचवले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतले ‘अ‍ॅबी’ आणि गुलामगिरीविरुद्ध उभे राहिलेल्या अब्राहम लिंकन यांचे ‘लिंकन’. नावात एवढा इतिहास होता, पण बाजाराला हवा होता तिचा चेहरा. १९५६ साली तिची पहिली तबकडी आली. मुखपृष्ठावर तिचे सौंदर्य मांडलेले. त्याच वर्षी ‘द गर्ल कान्ट हेल्प इट’ या चित्रपटात तिने एक गाणे म्हटले, तेही मेरिलिन मन्रोने पूर्वी एका चित्रपटात घातलेला झगा अंगावर घालून. उसने शब्द, उसना झगा. पुढे हा झगा तिने स्वतःच्या हाताने जाळून टाकला.

हे धाडस तिच्यात आले ते मॅक्स रोच या ड्रमवादकाच्या सहवासात. १९५७ सालच्या तिच्या दुसऱ्या तबकडीत रोच आणि सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स असे मातब्बर साथीला होते. त्यानंतर आले १९६० साल. १ फेब्रुवारीला ग्रीन्सबोरो गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहाच्या टेबलापाशी जाऊन बसले. २१ मार्चला दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. ६९ माणसे मेली. त्याच वर्षी रोचने ‘वी इन्सिस्ट!’ ही तबकडी काढली. गीते ऑस्कर ब्राउन ज्युनियर यांची, आवाज अ‍ॅबीचा. त्यातल्या एका रचनेत शब्दच नाहीत. आधी प्रार्थना, मग निषेध, मग शांती. मधल्या भागात अ‍ॅबी चक्क किंचाळते. ऐकताना अंगावर काटा येतो. सुंदर दिसण्यासाठी उभी केलेली बाई इथे गोड लागायलाच नकार देते.

१९६१ साली ‘स्ट्रेट अहेड’ आली. तिच्यात अ‍ॅबीचे स्वतःचे शब्द होते. थेलोनिअस मंक या थोर पियानोवादकाच्या ‘ब्लू मंक’ या धुनेवर तिने गीत रचले. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मंक आला आणि तिच्या कानात सांगून गेला, की इतकी बिनचूक गाऊ नकोस. ही आठवण ती पुढे अनेकदा सांगत असे. आपल्याकडचे उस्तादही शिष्याला हेच सांगतात, नाही का?

मंडळी, किंमत इथूनच मोजावी लागली. ‘डाउनबीट’ या जॅझच्या प्रतिष्ठित नियतकालिकात एका समीक्षकाने तिच्यावर असा ठपका ठेवला, की ही बाई आपल्या वर्णाचेच भांडवल करते आहे. आपल्याकडे दलित कवींना हे बोल नवे नाहीत. त्याच १९६१ च्या फेब्रुवारीत काँगोचे नेते पॅट्रिस लुमुंबा यांच्या हत्येच्या निषेधार्थ अ‍ॅबी माया अँजेलूसारख्या लेखिकांबरोबर संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात निदर्शनाला गेली. त्यानंतर तिच्या स्वतःच्या नावाची पुढची तबकडी निघायला १९७३ साल उजाडावे लागले, तीही जपानमध्ये. मधल्या काळात चित्रपटांत चांगल्या भूमिका मिळाल्या. १९६२ साली रोचशी लग्न झाले, १९७० साली ते मोडले. ती कॅलिफोर्नियात परतली, विद्यार्थ्यांना नाट्यकला शिकवू लागली.

१९७२ साली ती गायिका मिरियम माकेबा यांच्याबरोबर आफ्रिकेत गेली. (आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेही याच वर्षी, आणि तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले.) गिनी देशात तिला ‘अमिनाता’ हे नाव मिळाले, झाईरमध्ये ‘मोसेका’. अमिनाता म्हणजे आपली आमिना. पश्चिम आफ्रिकेतल्या बोलींनी त्या अरबी नावाला हे रूप दिले. पैगंबरांच्या आईचे हे नाव आमच्या मोहल्ल्यात हाकेसरशी ऐकू येते. सातासमुद्रापलीकडच्या या बाईची अशी ओळख पटली, तेव्हा मला ती घरातली वाटू लागली.

आणि घरातली म्हणताना मला जात्यावरची ओवी आठवते. आमच्याकडच्या बायाही दळताना ओव्या म्हणत. तिथे गीतकार वेगळा नि गायिका वेगळी नसे. जिचे दुःख तिचेच शब्द, तिचाच गळा. अ‍ॅबी साठीच्या उंबरठ्यावर नेमकी तिथेच पोचली. १९९० साली ‘द वर्ल्ड इज फॉलिंग डाउन’ ही तबकडी आली आणि लोकांनी तिला नव्याने ऐकले. पुढच्या वर्षीच्या तबकडीत सॅक्सोफोनवर होते स्टॅन गेट्झ. त्याच वर्षी ते वारले. आता तिच्या तबकड्यांत तिचीच गाणी अधिकाधिक असत. आवाज खरबरीत झाला होता, वरचे सूर आटले होते, पण शब्द ती असा टाकी, की समोर बसून कोणी बोलते आहे असे वाटावे. २००३ साली अमेरिकी शासनाच्या कलासंस्थेने तिला ‘जॅझ मास्टर’ हा सन्मान दिला.

२००७ साली तिची ‘अ‍ॅबी सिंग्ज अ‍ॅबी’ ही तबकडी निघाली. अ‍ॅबी गाते अ‍ॅबीलाच. १४ ऑगस्ट २०१० रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचे निधन झाले, तेव्हा ती ऐंशी वर्षांची होती. तिच्या गाण्यांपैकी ‘थ्रो इट अवे’ आणि ‘पीपल इन मी’ ही दोन जरूर ऐका. इंग्रजी पुरते कळले नाही तरी चालेल. तो आवाज आपले म्हणणे पोचवतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)