साखरेचं पांघरूण

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. बी.ए. झालो, कविता लिहितो. पण हजला निघालेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेची लस का टोचतात, हा प्रश्न मला पडला आणि उत्तर शोधताना शंभर वर्षांची एक गोष्ट हाती लागली. ती गोष्ट साखरेची आहे.

आपल्या शरीरातल्या पेशींवर निरनिराळ्या साखरांच्या साखळ्या असतात. ही चहात घालायची साखर नव्हे, तिची दूरची भावंडं म्हणा. काही जिवाणूही अशाच साखळ्यांचं जाड पांघरूण अंगाभोवती लपेटून घेतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिवाणूला गिळायला धावतात. पण पांघरुणामुळे त्यांची पकड बसत नाही आणि तो निसटतो. न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकस याच युक्तीवर जगतो.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात १९१७ साली ऑस्वाल्ड एव्हरी आणि अल्फोन्स डोशे यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आणि लघवीत या जिवाणूचा एक विरघळणारा पदार्थ सापडला. रसायनतज्ज्ञ मायकेल हायडेलबर्गर यांच्यासोबत एव्हरींनी १९२३ मध्ये दाखवून दिलं, की हा पदार्थ म्हणजे त्या पांघरुणाची साखर. प्रतिकारशक्ती फक्त प्रथिनं ओळखते, असा तेव्हा समज होता. त्यामुळे अनेकांना हे पटेना. पण अर्थ मोठा होता. शत्रू ज्या पांघरुणाआड लपतो, त्यावरूनच तो ओळखता येतो. शरीरात त्या साखरेविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली, की ती पांघरुणाला चिकटतात आणि पांढऱ्या पेशींना धरायला जणू मूठ मिळते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांवर नुसत्या साखरेची लस वापरून पाहिली आणि ती लागू पडली. मात्र दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर नुसत्या साखरेला दाद देत नाही, आणि या आजारांचा मोठा घाला त्यांच्यावरच पडतो. उपाय एव्हरी आणि वॉल्टर गोबेल यांनी १९२९ मध्येच सशांवर दाखवला होता: साखर प्रथिनाला जोडा. प्रथिनामुळे शरीर जागं होतं आणि जोडीची साखरही लक्षात ठेवतं. पण पुढे पेनिसिलिन आलं आणि अशा लशींची निकड मागे पडली. १९८० मध्ये रेचल श्नीरसन, जॉन रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी तो धागा पुन्हा उचलला, तेव्हा पन्नास वर्षं उलटली होती. त्या काळात किती पाळणे रिकामे झाले असतील!

त्यांच्या कामातून ‘हिब’ जिवाणूची लस झाली. आपल्याकडे ती पेंटाव्हॅलेंट लशीतून २०११ पासून टप्प्याटप्प्याने आली. न्यूमोकोकसची जोडलस सरकारी लसीकरणात २०१७ पासून येऊ लागली.

आता हजकडे वळू. १९८७ च्या हजमध्ये ‘ए’ प्रकारच्या मेनिंजायटिसची साथ आली आणि यात्रेकरूंना लस सक्तीची झाली. याच प्रकाराने १९९६-९७ मध्ये आफ्रिकेत सुमारे अडीच लाख लोकांना गाठलं. पंचवीस हजार दगावले. त्या गरीब देशांसाठी आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘ए’ची साखर धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला जोडून अर्ध्या डॉलरहून स्वस्त लस तयार केली. २०१० मध्ये बुर्किना फासोपासून मोहीम सुरू झाली आणि ज्या भागांत ती पोहोचली, तिथून ‘ए’ची साथ जवळपास नाहीशी झाली.

एक बहुरूपी मात्र या युक्तीला बधला नाही. ‘बी’ प्रकाराच्या पांघरुणाची साखर गर्भातल्या बाळाच्या मेंदूपेशींवरच्या साखरेसारखीच असते. शरीर तिला आपली मानतं आणि हात उगारत नाही. तसंच ते बरं, नाहीतर आपल्याच पेशी घायाळ व्हायच्या. म्हणून शास्त्रज्ञांनी पांघरूण सोडून त्याखालची प्रथिनं हेरली. तशी लस २०१३ मध्ये युरोपात मंजूर झाली. शत्रूने आपलाच वेश घेतला, तर तो वेश फाडायचा नसतो. त्याची दुसरी खूण शोधायची असते.