गेमिंग कन्सोल, डीव्हीडी प्लेअर आणि होम थिएटर: कोणती वायर कुठे जोडायची?

घरात ५.१ होम थिएटर आहे, पाचही स्पीकर वाजतात, वूफरने कपाटाच्या काचाही हलतात. तरी गेममध्ये मागून येणारी गाडी समोरूनच आल्यासारखी वाटते. अशा वेळी बहुधा कोणतेही यंत्र बिघडलेले नसते. कन्सोलमधून पाच वाटांनी निघालेला आवाज मधल्या एखाद्या वायरपाशी किंवा सेटिंगपाशी दोनच वाटांचा झालेला असतो आणि होम थिएटर तोच आवाज पाच स्पीकरना वाटून देत असते.

वाशिमसारख्या जिल्ह्यात ही अडचण जास्त जाणवते. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा अशा सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार पाचपैकी चारहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. अशा घरात फ्री डिशचा बॉक्स, जुना डीव्हीडी प्लेअर, नवा स्मार्ट टीव्ही आणि कन्सोल अशी वेगवेगळ्या काळातली यंत्रे एकाच टेबलावर येऊ शकतात. ती नीट जोडायची तर आधी एकच प्रश्न विचारावा: डिजिटल आवाज उलगडून पाच स्पीकरना वेगवेगळा देण्याचे काम यांपैकी कोणते यंत्र करणार आहे? या कामाला डीकोडिंग म्हणतात.

होम थिएटर कोणत्या प्रकारचे आहे?

बाजारात एकाच नावाने चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा यंत्राची मागची बाजू जास्त सांगते.

१. मल्टिमीडिया स्पीकर सेट. अँप्लिफायर वूफरच्या पेटीतच असतो. मागे लाल-पांढऱ्या पिनांची किंवा ऑक्सची जागा, सोबत ब्लूटूथ आणि यूएसबी. यात सहसा डीकोडर नसतो. काही सेटना ५.१ साठी सहा पिनांचे इनपुट असते, पण तिथेही आधीच उलगडलेला आवाज द्यावा लागतो. यूएसबीची जागा बहुधा पेन ड्राइव्हवरची गाणी वाजवण्यापुरती असते.

२. डिस्क प्लेअरसह येणारे होम थिएटर. स्वतःच्या डिस्कचा आवाज हे उत्तम उलगडते. मात्र याच्या मागची एचडीएमआयची जागा अनेकदा ‘आउट’ म्हणजे फक्त टीव्हीकडे चित्र पाठवणारी असते. तिथे कन्सोल जोडला तर ना चित्र येते ना आवाज.

३. साउंडबार. यात बहुधा एआरसी लिहिलेली एचडीएमआयची जागा आणि ऑप्टिकल इनपुट असते. काही मॉडेलना वेगळे एचडीएमआय इनपुटही असते.

४. एव्ही रिसीव्हर. मागे अनेक एचडीएमआय इनपुट आणि टीव्हीकडे जाणारे एक आउटपुट. स्पीकरच्या उघड्या तारा यालाच जोडतात. डीकोडिंग हेच यंत्र करते.

कोणती वायर किती आवाज नेते?

लाल-पांढरी वायर फक्त दोन चॅनल नेते, डावा आणि उजवा. सोबतची पिवळी पिन साध्या दर्जाच्या चित्राची असते.

ऑप्टिकल वायरमधून प्रकाशाच्या रूपाने आवाज जातो. तिच्यातून दोन चॅनलचा साधा पीसीएम आवाज किंवा डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस यांसारखा आवळून बांधलेला ५.१ आवाज जाऊ शकतो. ब्ल्यू-रे डिस्कवरचे डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ मात्र त्यात मावत नाही.

एचडीएमआय चित्र आणि आवाज दोन्ही नेते. २००९ च्या १.४ आवृत्तीत एआरसीची सोय आली. त्यामुळे टीव्हीचा आवाज त्याच वायरने उलटा होम थिएटरकडे पाठवता येतो. २०१७ च्या २.१ आवृत्तीत तिचे वाढीव रूप ईएआरसी आले. एआरसीची क्षमता साधारण ऑप्टिकलइतकी असते, ईएआरसी न आवळलेला बहुचॅनल आवाजही नेते. टीव्हीच्या सगळ्या एचडीएमआय जागांवर ही सोय नसते. जिच्याशेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेले आहे, तीच जागा वापरावी.

ब्लूटूथने आवाज दोन चॅनलचाच येतो आणि थोडा उशिरा पोहोचतो. गाण्यांना ते चालते, पण गेममध्ये बंदूक आधी दिसते आणि आवाज मागून येतो.

कन्सोल कसा जोडावा?

रिसीव्हर असेल तर कन्सोलची एचडीएमआय वायर रिसीव्हरच्या इनपुटला आणि रिसीव्हरचे आउटपुट टीव्हीला, ही सर्वांत सरळ रचना. अपवाद एकच. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवर ४के चित्र सेकंदाला १२० फ्रेमने हवे असेल आणि रिसीव्हर जुना, २.० आवृत्तीचा असेल, तर कन्सोल थेट टीव्हीला जोडून आवाज ईएआरसीने रिसीव्हरकडे न्यावा. अशा चित्रासाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लिहिलेली वायर लागते.

साउंडबार असेल तर कन्सोल टीव्हीला आणि टीव्ही एआरसीने साउंडबारला जोडावा. इथे सेटिंग महत्त्वाचे ठरते. प्लेस्टेशन ५ मध्ये साउंडच्या मेनूत ऑडिओ फॉरमॅट ‘लिनिअर पीसीएम’ ठेवला, तर साध्या एआरसीतून पाच चॅनल पुढे जात नाहीत. साउंडबार ५.१ चा असल्यास तिथे ‘बिटस्ट्रीम डॉल्बी’ निवडावे आणि टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’ ठेवावे. निन्टेन्डो स्विच आपला ५.१ आवाज फक्त पीसीएम रूपात देतो. तो साध्या एआरसीवर दोनच चॅनलचा होतो. त्याला थेट रिसीव्हर किंवा ईएआरसी हवे.

मल्टिमीडिया सेट असेल तर टीव्हीच्या हेडफोनच्या जागेतून ऑक्स वायर जोडणे सर्वांत स्वस्त. टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउटपुट असेल, तर आवाज लाल-पांढऱ्या पिनांवर आणणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो. तो लावल्यावर टीव्हीत ‘पीसीएम’ निवडावे, नाहीतर आवाज येतच नाही किंवा खरखर ऐकू येते. सहा पिनांचा सेट खऱ्या ५.१ ने वाजवायचा असेल तर साधा कन्व्हर्टर पुरत नाही. सहा आउटपुट असलेला ५.१ डीकोडर लागतो.

जुना कन्सोल विकत घेतानाही मागची बाजू पाहावी. प्लेस्टेशन ४ च्या पहिल्या मॉडेलला आणि प्रो मॉडेलला ऑप्टिकल आउटपुट आहे, स्लिमला नाही. भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आलेल्या प्लेस्टेशन ५ लाही ते नाही.

डीव्हीडी प्लेअर आणि फ्री डिशचा बॉक्स

अनेक डीव्हीडी प्लेअरना पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांसोबत ‘कोअॅक्शियल’ नावाची आवाजाची एक डिजिटल जागा असते. होम थिएटरला तसे इनपुट असेल तर तीच वापरावी, कारण डिस्कवरचा डॉल्बी डिजिटल ५.१ आवाज तिच्यातून जातो. प्लेअरच्या मेनूत डिजिटल आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘रॉ’ ठेवावे. ब्ल्यू-रे प्लेअर असेल तर एचडीएमआय वापरावे आणि ‘सेकंडरी ऑडिओ’ बंद ठेवावा. तो चालू राहिला तर मूळ आवाज जसाच्या तसा पुढे जात नाही.

प्रसार भारतीची मोफत डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिच्या साध्या बॉक्समधून लाल-पांढऱ्या पिनांवर दोन चॅनलचा आवाज मिळतो. त्यासाठी महागडी वायर घेऊन काही फरक पडत नाही.

घुंऽऽ आवाज, अर्थिंग आणि वीज

सगळे जोडल्यावर स्पीकरमधून सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल, तर तो बहुधा ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याचा असतो. टीव्ही एका भिंतीवरच्या बोर्डावर आणि होम थिएटर दुसऱ्या बोर्डावर असेल, किंवा छतावरच्या छत्रीची वायर टीव्हीला जोडलेली असेल, तर हा त्रास होतो. आधी सगळी यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत. मग छत्रीची वायर काढून पाहावी. ती काढल्यावर आवाज थांबला, तर वाट तीच आहे हे कळते. अर्थिंगची पिन तोडून घुंऽऽ थांबवणे धोक्याचे आहे, कारण यंत्रात दोष आला तर वीज जमिनीत जाण्याऐवजी हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते.

यंत्राच्या धातूच्या भागाला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. अशा घरात चालू यंत्रांमध्ये एचडीएमआय खुपसली तर ठिणगी पडून तिची जागा जळू शकते. वायर जोडण्याआधी सगळ्यांचे प्लग काढावेत.

विदर्भात मान्सूनपूर्व आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट जास्त असतो. जवळपास वीज पडली की तिचा झटका विजेच्या तारेतून येतो, तसाच छत्रीच्या वायरमधूनही येतो. तिथून तो बॉक्समध्ये, मग एचडीएमआयने टीव्हीत आणि पुढे रिसीव्हरपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून फक्त स्विच बंद करणे पुरेसे नाही आणि स्पाइक गार्डवरही भिस्त ठेवता येत नाही. ढग जमू लागताच, गडगडाट सुरू होण्याआधी, प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढावीत. विजा सुरू झाल्यावर वायरला हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप परिसरातल्या विजांची सूचना देते.

आवाज खरोखर ५.१ आहे का?

मोबाइलवरून ब्लूटूथने चाचणी करू नये. ५.१ आवाज असलेली डिस्क किंवा गेम लावून रिसीव्हरच्या किंवा साउंडबारच्या डिस्प्लेवर काय दिसते ते पाहावे. ‘डॉल्बी डिजिटल’, ‘डीटीएस’ किंवा ‘मल्टी पीसीएम’ दिसले तर जोडणी बरोबर आहे. नुसते ‘पीसीएम’ किंवा ‘स्टीरिओ’ दिसले तर आधी कन्सोलचे, मग टीव्हीचे सेटिंग पाहावे. डिस्प्ले नसेल तर मागच्या स्पीकरला कान लावावा. तिथे पुढच्यासारखेच संवाद ऐकू येत असतील, तर आवाज दोनच चॅनलचा आहे.

नवी वायर किंवा कन्व्हर्टर घ्यायला दुकानात जाण्यापूर्वी टीव्ही, होम थिएटर आणि कन्सोल या तिन्हींच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये काढून न्यावेत. ‘होम थिएटरची वायर द्या’ एवढेच सांगितले तर दुकानदाराला अंदाजच करावा लागतो. फोटो दाखवले तर नेमकी जागा दिसते आणि अकोल्याला किंवा अमरावतीला पुन्हा खेप पडत नाही.