अजगरीण अंडी उबवते का? १३० वर्षे चाललेला एक वाद

१/ साप थंड रक्ताचा प्राणी. त्याच्या अंगी स्वतःची ऊब नसते, मग तो अंडी कशी उबवणार? एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विद्वानांना हा प्रश्नच हास्यास्पद वाटे. त्यांचे मत बदलले ते पिंजऱ्यात ठेवलेल्या काही अजगरिणींमुळे.

२/ १८३० च्या दशकात लामार-पिको हा फ्रेंच प्रवासी भारतातून परतला. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांना ऊब देते, असे त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. विद्वानांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. दूरदेशीच्या प्रवाशाने आणलेली ही एक नवलकथा, एवढीच तिची गणना झाली.

३/ पुढे १८४१ मध्ये खुद्द पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात एका अजगरिणीने १५ अंडी घातली आणि त्यांच्याभोवती वेटोळे घातले. प्राणिशास्त्रज्ञ आशिल व्हॅलेन्सिएन यांनी वेटोळ्यात तापमापक ठेवला. आतील उष्मा बाहेरच्या हवेपेक्षा स्पष्टपणे अधिक होता. सुमारे दोन महिन्यांनी ८ पिल्ले बाहेर आली.

४/ तरीही शंका मिटली नाही. पिंजराच गरम ठेवलेला असेल, तर श्रेय मादीचे कसे? १८६२ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आफ्रिकी अजगरिणीने सुमारे शंभर अंडी घातली, तेव्हा फिलिप स्क्लेटर यांनी त्याच पिंजऱ्यातील नराशी तिची तुलना केली. मादी अधिक उष्ण निघाली. पण एकही अंडे उबले नाही. वाद अधांतरीच राहिला.

५/ निर्णायक उत्तर १९६६ मध्ये आले. हचिसन, डाउलिंग आणि विनेगर या संशोधकांनी भोवतालचे तापमान कमी-जास्त करून अंड्यांवर बसलेल्या मादीचे निरीक्षण केले. हवा जितकी थंड, तितके तिचे स्नायू अधिक वेळा आकुंचन पावत. थंडीत माणसाला हुडहुडी भरावी, तशी ती ऊब निर्माण करत होती. लामार-पिकोचे म्हणणे खरे ठरले होते.

६/ मग सगळ्याच अजगरिणी असे करतात का? नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ फॉग डॅम आहे. १९५० च्या दशकातील फसलेल्या भातशेती योजनेसाठी ते धरण बांधले गेले. तेथील वॉटर पायथनचा अभ्यास थॉमस मॅडसेन आणि रिक शाइन यांनी केला. या जातीची मादी घोरपडीच्या उबदार बिळात अंडी घातली, तर लवकरच निघून जाते. झाडाच्या मुळांतील थंड पोकळीत घातली, तर अखेरपर्यंत बसून राहते.

७/ या मातृत्वाची किंमत मोठी आहे. बसून राहिलेल्या मादीची शक्ती खचते. तिची जगण्याची शक्यता घटते आणि पुढची वीण लांबते. आज परदेशांत छंद म्हणून अजगरांची पैदास करणारे बहुधा अंडी काढून उबवणयंत्रात ठेवतात. शतकभर वादग्रस्त ठरलेले मादीचे काम आता यंत्र करते.

८/ भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अजगर पाळणे हा गुन्हा आहे. ज्या भूमीतून ही ‘नवलकथा’ पॅरिसला पोहोचली, तेथे अजगरिणीचे स्थान रानातच आहे. आणि लामार-पिकोने सांगितले तेच काम ती आजही तेथे करते आहे.