इंजिन ऑइलची गळती : उगम कसा ओळखावा, दुरुस्ती कशी करावी

नवी दिल्ली : रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीखाली सकाळी काळपट डाग दिसल्यास त्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडू शकते. इंजिन ऑइल हलत्या भागांमधील घर्षण कमी करते, तसेच त्यांची उष्णताही वाहून नेते. त्याची पातळी फार खालावल्यास बेअरिंग झिजून इंजिन ‘सीझ’ होऊ शकते. गळणारे ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडल्यास धूर होतो आणि क्वचित आगही लागू शकते.

डाग कशाचा?

गाडीखाली पडलेला प्रत्येक थेंब इंजिन ऑइलचाच असतो असे नाही. वातानुकूलन यंत्रणेतून निथळणारे पाणी स्वच्छ असते. कूलंट बहुधा हिरवट किंवा गुलाबी असून त्याला गोडसर वास येतो. स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल बहुतेक वेळा लालसर असते. इंजिन ऑइल नवे असताना मधासारखे, तर वापरानंतर तपकिरी ते काळे दिसते. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरल्यास द्रवाचा रंग आणि थेंब पडण्याची जागा दोन्ही कळतात.

त्यानंतर सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी पाहावी. बाहेर कोठेही डाग नसताना पातळी घटत असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर ऑइल गळत नसून इंजिनातच जळत असण्याची शक्यता अधिक असते.

उगमाचा शोध

ऑइल खाली ओघळते आणि धावत्या गाडीत वाऱ्यामुळे मागे पसरते. त्यामुळे थेंब जेथून पडतो, तेथेच बिघाड असेल असे नाही. थंड इंजिन डीग्रीझरने स्वच्छ करून, काही किलोमीटर गाडी चालवून पुन्हा पाहणी करावी. सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला भाग हा बहुधा उगम असतो. गळती सूक्ष्म असल्यास ऑइलमध्ये विशेष रंगद्रव्य मिसळून अतिनील दिव्याने तपासणी केली जाते.

नेहमीची कारणे व उपाय

सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती सुरू झाल्यास प्रथम ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्ट तपासावा. जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनाला चिकटून राहिले व त्यावरच नवा फिल्टर बसवला, तर ऑइल वेगाने बाहेर पडते. ड्रेन बोल्टचे वॉशर बदलणे हा स्वस्त उपाय आहे.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग उष्णतेने कडक होते. ते बदलताना दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून, बोल्ट ठरलेल्या क्रमाने व टॉर्क पान्यानेच आवळावेत. अति आवळल्यास पॅकिंग दबते किंवा कव्हरला तडा जातो. उंच गतिरोधक किंवा दगड लागून ऑइल चेंबरला तडा गेला असेल, तर चेंबर दुरुस्त करावा किंवा बदलावा लागतो.

क्रँकशाफ्टच्या मागील ऑइल सीलची दुरुस्ती सर्वांत खर्चिक असते. सील स्वतः स्वस्त असते, पण त्यासाठी बहुधा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून या कामाला संमती देण्यापूर्वी वरच्या भागातून ऑइल ओघळत नाही, याची खात्री करून घ्यावी. तसेच पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबल्यास इंजिनातील दाब वाढून चांगल्या सीलमधूनही ऑइल झिरपते. मूळ कारण तसेच राहिल्यास नवे सीलही पुन्हा गळू लागते.

गळती थांबवण्यासाठी ऑइलमध्ये मिसळायची रसायने जुने रबर काहीसे मऊ करतात, पण फाटलेले पॅकिंग किंवा फुटलेला चेंबर सांधत नाहीत.

ही खबरदारी आवश्यक

ऑइलच्या दाबाचा लाल दिवा गाडी चालताना लागल्यास सुरक्षित जागी थांबून इंजिन त्वरित बंद करावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. दुरुस्ती होईपर्यंत दर एक-दोन दिवसांनी पातळी तपासावी आणि उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल भरावे. मात्र कमाल खुणेच्या वर ऑइल भरू नये. वापरलेले ऑइल 2016 च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येते. ते गटारात किंवा जमिनीवर न ओतता बंद डब्यात साठवून, अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठवणाऱ्या सेवा केंद्राकडे द्यावे.